दोन बोटं जाणारी गाठ

"म्हाताऱ्यांना सांभाळायचं कसलं आलंय शिक्षण?" असं मला तोंडावर विचारणारे पुष्कळ भेटले. आधी नर्स होते म्हटलं की लोकांना कळतं. आता काय करते ते सांगायला दोन वाक्यं लागतात, आणि दुसरं वाक्य ऐकलं की माणसं इकडंतिकडं बघायला लागतात. वृद्धाश्रमांत, शुश्रूषा केंद्रांत आणि घरोघरी जाऊन आजारी माणसं सांभाळणाऱ्या ज्या बायका असतात, ज्यांना आपण सरसकट 'मावशी' म्हणून मोकळे होतो, त्यांना मी शिकवते. अंघोळ कशी घालायची, कूस कशी बदलायची हे तर शिकवतेच. पण माझा खरा विषय वेगळा आहे. जे माणूस स्वतःचं रक्षण करू शकत नाही, त्याला कुणी मारतंय का, उपाशी ठेवतंय का, धाकात ठेवतंय का, हे ओळखायचं कसं. आणि ते आपल्याच हातून होत नाही ना, हे तपासायचं कसं.

हे काम मी मोठ्या धिटाईनं करते असा लोकांचा समज आहे. तो मी आजवर मोडला नाही. खरं सांगायचं तर बेल वाजवून दार उघडेपर्यंतच्या त्या अर्ध्या मिनिटात मला दर वेळी परत फिरावंसं वाटतं. आत काय दिसेल याची भीती वाटते, आणि काहीच दिसलं नाही तर ते खरोखर नाही की मलाच दिसलं नाही, याची त्याहून जास्त.

आमच्या विद्येत मोठी यंत्रं नाहीत. अंघोळीच्या वेळी सगळं अंग दिसतं, म्हणून अंघोळीला घाई करायची नाही. जायची वेळ अधूनमधून बदलायची, म्हणजे आपल्यासाठी मांडून ठेवलेलं घर बघावं लागत नाही. माणसाला प्रश्न विचारला की उत्तराआधी त्याचे डोळे कुठं जातात ते बघायचं. ते आधी सांभाळणाऱ्या बाईकडं गेले, तर पुढचं उत्तर त्या माणसाचं नाही असं धरायचं. म्हणून घरचं कुणी भेटायला आलं किंवा फोन आला की मावशीनं आपण होऊन बाहेर जायचं. पण नुसतं बाहेर जाऊन भागत नाही. खाटेवर पडलेल्याला दारामागचं दिसत नाही. मावशी खरंच गेली, की दाराला कान लावून उभी आहे, हे त्याला कसं कळावं? यावर माझ्या वर्गात नियम आहे : स्वयंपाकघरात जाऊन भांडी वाजवायची. आपण ऐकत नाही, हे त्याला ऐकू गेलं पाहिजे. हा नियम सांगितला की बायका हसतात. "सिस्टर, घरी सासू बोलाया लागली की आम्ही हेच करतो," असं एकीनं सांगितलं होतं.

उस्मानपुऱ्यात एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आल्यागेल्याला ते सांगायचे, "माझ्या चहात काहीतरी घालतात." उद्या शाळा तपासायला साहेब येणार आहेत, असंही ते रोज सांगायचे, त्यामुळं घरच्यांनी दोन्ही गोष्टी एकाच खुंटीला टांगल्या होत्या. मीही हसले. गुरुजींची समजूत पटावी म्हणून त्यांच्यासमोरचाच कप उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला. "बघा गुरुजी, काही नाही." गुरुजी माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत राहिले. परतताना रिक्षात मला अशी झोप लागली की रिक्षावाला घराशी थांबून हाका मारत होता, "मॅडम, उतरो ना, घर आ गया." मागाहून कळलं, सांभाळणारी बाई दोन घरची ड्यूटी करायची. दुपारी तिला झोप हवी असायची, म्हणून ती गुरुजींच्या चहात गोळी विरघळवायची. ज्याला भ्रम झालाय त्याचं सगळंच खोटं नसतं, हे मला ती झोप शिकवून गेली. पुढचे दोन महिने मी कुणाच्या घरी चहा घेतला नाही.

हे सगळं सांगितलं की वर्ग गप्प होतो आणि मला जरा मोठं झाल्यासारखं वाटतं. आता जे सांगणार आहे ते मी वर्गात कधीच सांगितलेलं नाही.

मंगल माझ्या पहिल्या तुकडीतली. फुलंब्रीकडच्या शेतकऱ्याची मुलगी, लग्न होऊन शहरात आलेली. तिच्यासारखे हात मी फार थोड्या नर्सचे पाहिले आहेत. अंघोळीचं पाणी ती आधी स्वतःच्या कोपरावर ओतून बघायची. एखाद्याची कूस बदलली तर त्याची झोपसुद्धा मोडायची नाही. तिच्या प्रमाणपत्रावर सही करताना माझ्या मनात आलं होतं, उद्या आपण अंथरुणाला खिळलो तर ही असावी.

त्या पहिल्या तुकडीला मी एक गाठ शिकवली होती. मी वॉर्डात होते त्या काळी नाकात नळी घातलेला, भानावर नसलेला रुग्ण नळी उपसून काढू नये म्हणून त्याचे हात बांधावे लागत. डॉक्टर तसं लिहून देत आणि तेवढ्या वेळापुरतंच बांधायचं असे. जुन्या धोतराची मऊ पट्टी घ्यायची. मनगट आणि पट्टी यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि मोकळं टोक ओढलं की गाठ एका झटक्यात सुटली पाहिजे. ही गाठ माझ्याइतकी सुबक अख्ख्या वॉर्डात कुणी बांधत नसे. वर्गात मी ती मंगलच्या मनगटावर बांधून दाखवली. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय नाही, वॉर्डाबाहेर तर नाहीच, हे तेव्हा सांगितलं का? आठवत नाही. आठवत नाही, म्हणजे सांगितलं नसणार.

पुढं मीच शिकत गेले तसं कळलं की वॉर्डाबाहेर कुणालाही बांधणं हा छळच. दुसऱ्या तुकडीपासून मी ती गाठ गाळून टाकली. पहिलीला मात्र परत बोलावून सांगितलं नाही. बोलावू, बोलावू म्हणत दिवस गेले. शिकवलेलं चुकलं असं सांगायला जीभ रेटत नव्हती.

हर्सूलच्या पुढं एका बंगल्यात बारा खाटांचं केंद्र होतं. मंगल तिथं कामाला होती आणि मी अधूनमधून वर्ग घ्यायला जायचे. तिथल्या ठकूबाई म्हणजे सगळा जन्म मेंढरांमागं काढलेल्या आजी. खुब्याचं हाड मोडून जुळलेलं, आणि आठवणीचं कापड विरत चाललेलं. दिवस कलला की त्या उठायला बघायच्या. त्यांच्या लेखी मेंढरं रानातून आणून जाळीच्या कुंपणात घ्यायची वेळ झालेली असायची. मुलगा साहेबराव वाळूजच्या एका कारखान्यात पाळ्या करायचा, सून बाहेर कामाला. घरी मागं कुणी नाही, म्हणून आजींना इथं ठेवलेलं.

मे महिन्यात गेले तेव्हा कूलरसुद्धा गरम वारा फेकत होता आणि ठकूबाई लांब बाह्यांचा लोकरी स्वेटर घालून खाटेवर बसल्या होत्या.

"हे काय गं मंगल?"

"आजीला थंडी वाजती, सिस्टर. म्हातारं रगत."

मला ते पटलं. मंगल सांगतेय म्हणून पटलं. मी खाटेशी वाकून ठकूबाईंना विचारलं, "आजी, बरं सांभाळतात का इथं?"

मंगल माझ्या शेजारीच उभी होती. आजींनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"व्हय. लई चांगलं सांभाळत्यात."

मी समाधानानं वहीत तसं टिपून घेतलं, बायकांचा वर्ग घेतला आणि त्या वर्गात, देवाशपथ सांगते, डोळे आधी कुठं जातात ते बघा, हेच शिकवलं. रिक्षात बसून बरंच अंतर आल्यावर मला आजींचे डोळे दिसले. तसेच. आधी मंगलकडं गेलेले.

तेव्हाच रिक्षा वळवायला हवी होती. मी वळवली नाही. दुपारी दुसरीकडं वर्ग आहे, ही सबब पुढं केली. खरं कारण असं की परत गेले असते तर स्वेटरची बाही वर करून बघावी लागली असती. आठ दिवस मी ती बाही डोळ्यांसमोरून हलवू शकले नाही. जेवताना, कपडे वाळत घालताना, कुठंही. आठव्या दिवशी मात्र न कळवता, माझी कधीच नसते अशा वेळी, ऊन उतरल्यावर गेले.

ओसरीवरच आवाज कानावर आला. कुणीतरी मेंढरांना हाळी घालत होतं, घोगरी, तुटत जाणारी. प्रत्येक हाळीबरोबर लोखंडी खाट करकरत होती.  आत जाऊ नये, असंच वाटलं.

ठकूबाईंची दोन्ही मनगटं खाटेच्या दांड्यांना बांधलेली होती. पांढऱ्या धोतराची मऊ पट्टी, टोक आत खोचलेलं. ती गाठ मी हजारांतून ओळखली असती. ओढून ओढून बाह्या वर सरकल्या होत्या आणि खाली कातडी सोलवटली होती. आठ दिवसांपूर्वीची खपली, तिच्यावर आजचं ओलं.

आवाज ऐकून मंगल स्वयंपाकघरातून पीठभरल्या हातांनी आली. त्या वेळी बारा जणांना ती एकटीच होती.

"सिस्टर, तुम्ही? आज कशा काय?" ती मुळीच दचकली नाही. "आजी या वख्ताला उठत्यात. मागं एकदा पडल्या. परत पडल्या तर मला कामावरून काढत्याल. तुम्ही शिकवली तशीच बांधलीय. दोन बोटं जात्यात, बघा."

आणि तिनं खरोखर वाकून मनगट आणि पट्टीमध्ये दोन बोटं घालून दाखवली. वर्गात घोटवलेला धडा बाईंना म्हणून दाखवावा तसं. शाबासकी मिळेल या नजरेनं ती माझ्याकडं बघत होती. इतक्या वर्षांत मी नासलेल्या जखमा पाहिल्या, अळ्या पाहिल्या. पण त्या दोन बोटांइतकी मला कशाची भीती वाटलेली नाही.

"आणि हा स्वेटर?"

आता तिची मान खाली गेली. "वण दिसत्यात, म्हून."

मी टोक ओढलं. गाठ एका झटक्यात सुटली. दुसऱ्या मनगटाकडं हात नेला, तर ठकूबाईंनी मोकळा झालेला हात तोंडावर आडवा धरला आणि अंग चोरून घेतलं.

"नाय आणत मेंढरं," त्या मला म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या रानात. बांधू नका, बाई."

त्या मलाच घाबरल्या होत्या.

केंद्राचे चालक अर्ध्या तासात आले. माणूस आरडाओरडा करणारा नव्हता. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे म्हणाले, "सिस्टर, लिहायचं ते लिहा. पण बाई तुमच्या वर्गातली आहे आणि प्रमाणपत्रावर सही तुमची आहे, एवढं ध्यानात ठेवून लिहा."

मी समाजकल्याणच्या कार्यालयाला द्यायचं पत्र तिथंच बसून लिहिलं. ठकूबाईंना बांधून ठेवलेलं आढळलं हे लिहिलं. जखमांचं मोजमाप लिहिलं, स्वेटर लिहिला, एका बाईवर बारा माणसं हेही लिहिलं. गाठ कुणी शिकवली ते लिहिलं नाही. पेन त्या ओळीशी आलं आणि थांबलं. माझे वर्ग बंद होतील, शहरात नाव जाईल, आणि वॉर्डात काढलेली सगळी वर्षं या एका गाठीत आवळली जातील, अशी भीती वाटली. मी खाली सही केली आणि कागद घडी केला.

दुसऱ्या दिवशी साहेबराव पहिली पाळी सुटल्यावर कंपनीच्या गणवेशातच दुचाकीवरून आला. मी त्याला आईची मनगटं दाखवली. तो चिडेल म्हणून मी तयारीत होते. त्यानं आईचे हात स्वतःच्या हातांत घेतले, बराच वेळ धरून ठेवले आणि मला व्हरांड्यात बोलावून दबक्या आवाजात विचारलं, "मॅडम, तक्रार झाली तर आईला इथून काढत्याल का? मग म्या हिला कुठं ठेवू?"

आईला काढणार नाहीत, कार्यालयाची माणसं आता येऊन बघत राहतील, असं मी त्याला सांगितलं, आणि ते सुदैवानं खरं ठरलं. केंद्राला दिवस कलताना आणखी एक बाई ठेवणं भाग पडलं. त्यानंतर साडेपाच झाले की दोघी जणी ठकूबाईंना दोन्ही बाजूंनी धरून फाटकापर्यंत न्यायच्या. ठकूबाई मोकळ्या रस्त्याकडं बघत ओठांतल्या ओठांत मोजायच्या आणि विचारायच्या, "आली का समदी?" "आली, आजी." "मग लावा जाळी." कुणीतरी फाटक लावायचं आणि त्या निमूट येऊन पडायच्या. दहा मिनिटांचं काम होतं. वण हळूहळू गेले. पण चादर नीट करायला कुणी जवळ गेलं की त्या दोन्ही हात काखेत दडवायच्या, ते शेवटपर्यंत.

मंगलला चालकांनी पत्राच्या दुसऱ्याच दिवशी काढलं. 'एक बाई वाईट निघाली, काढून टाकली,' असं सांगितलं की केंद्रही सुटलं आणि मीही सुटले. मी फाटकातून आत शिरत होते तेव्हा ती पिशवी घेऊन बाहेर पडत होती. तिनं विचारलं, "सिस्टर, गाठ कुणी शिकवली, ते लिवलं का?"

"लिहिते," मी म्हणाले.

लिहिलं नाही. पहिल्या तुकडीतल्या बायकांना मात्र मी शोधत सुटले. कुणी शहरातल्याच सातारा परिसरात, कुणी वाळूजला, कुणी पार पैठणला. एकेकीच्या घरी जाऊन बांधायचं नाही म्हणून बजावलं. तेव्हासुद्धा 'नियम बदलला' म्हणाले, 'मी चुकले' म्हणाले नाही. चौघींचा पत्ता शेवटपर्यंत लागला नाही. त्या आज कुणाच्या तरी खाटेपाशी असतील, आणि त्यांनाही ती गाठ येते.

या वर्षी माझा गुडघा बदलला. मुलगी पुण्याहून आली, दवाखान्यात राहिली, घरी आणून सोडलं, आणि तिची रजा संपली. दिवसभराची बाई तिनं फोनवरच एका संस्थेकडून ठरवली होती. सकाळी बेल वाजली, मुलीनं दार उघडलं, आणि दारात मंगल उभी.

"सिस्टर, मी," ती म्हणाली. केस पांढरे झाले होते. मुलीला ती कोण ते ठाऊक नव्हतं. दुसरी बाई बघ म्हणावं, तर का ते सांगावं लागलं असतं.  मुलगी दुपारच्या गाडीनं गेली आणि घरात आम्ही दोघीच उरलो.

पहिले तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पाय उचलता येत नाही, संडासला जायचं तरी तिच्या खांद्यावर हात. चहा समोर आला की गुरुजी आठवायचे. ती कमी बोलायची. पाणी कोपरावर ओतून बघायची, पूर्वीसारखंच. या बाईचं आपण वाटोळं केलंय, आणि आपलं सगळं अंग आता हिच्या हातात आहे, हा विचार मनातून हलत नव्हता. दुसऱ्या दिवशी गुडघ्याला बर्फ लावायचा होता. मंगलनं पिशवीतून जुन्या धोतराची पांढरी पट्टी काढली. माझे दोन्ही हात आपोआप काखेत गेले. तिनं ते पाहिलं. बर्फाची पिशवी गुडघ्यावर ठेवून पट्टी गुंडाळली, गाठ मारली.

"दोन बोटं जात्यात, सिस्टर," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. मंगलनं तो मोठ्या आवाजावर टाकून माझ्यासमोर धरला.

"आई, बाई कशा आहेत? नीट बघतात ना?"

मी वर पाहिलं. आधी मंगलकडं.

"लई चांगलं सांभाळते," मी म्हणाले.

पलीकडं मुलगी हसली. "आई, तू कधीपासून लई म्हणायला लागलीस?"

 माझे डोळे कुठं गेले ते मंगलला कळलं होतं. कळणारच, माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी ती. तिनं फोनचा मोठा आवाज बंद केला, फोन माझ्या हातात दिला, खोलीबाहेर गेली आणि दार ओढून घेतलं.

"आई? आहेस ना? आई, काय झालंय?"

मी दाराकडं बघत राहिले. दारामागं ती आहे की नाही, ते मला दिसत नव्हतं.

मग स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली. कढई, पातेली, ताटं, एकेक करून, मुद्दाम जोरजोरात. मी ऐकत नाही सिस्टर, बोला, असं सांगत असल्यासारखी.

मी फोन कानाशी घट्ट धरला. हर्सूलच्या ठकूबाईंपासून सुरुवात केली, आणि ती गाठ माझी होती, हे मुलीला सांगितलं. माझं सांगून होईपर्यंत भांडी वाजत होती.